लाल खोकं, निळं खोकं आणि सोळावी मात्रा

९ डिसेंबर, सोमवार

माझं गाणं दगडावर कोरणार! ही ओळ घाईघाईनं लिहिली, म्हणून अक्षर वाकडं आलंय. एरवी माझं अक्षर असं नाही.

शाळेला साठ वर्षं होतायत. सव्वीस जानेवारीला नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे. आत शिरताना समोरच्या भिंतीवर काळा दगड बसवायचा आणि त्यावर आमचं स्वागतगीत कोरायचं, असं आज बैठकीत ठरलं. पस्तीस वर्षांपूर्वी मी ते कडूलिंबाखालच्या बाकावर बसून एका दुपारी लिहिलं. तेव्हापासून आमच्या तेर गावात कुणीही साहेब आला की पोरी तेच म्हणतात:

पाहुणे आज आले दारी
फुले उधळती मुले सारी

किती साधं, किती सरळ! काय ते दिवस होते. शेणानं सारवलेल्या वर्गात साठ पोरं मांड्यांवर ताल धरून कविता म्हणायची आणि कौलांवरची कबुतरं उडायची.

पण शंभुलिंग अप्पाला माझं सुख कधी बघवलंय? अप्पा म्हणजे माझा वर्गमित्र, पन्नास वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस, आता दगडाच्या समितीचा प्रमुख. सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, दगडावर घालायच्या आधी दुसरी ओळ तपासा बरं. मी नातीच्या फोनला विचारलं. फोन म्हणतो, पहिल्या ओळीत मात्रा सोळा अन् दुसरीत पंधरा. लंगडतीय."

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. एवढं मी चौथीच्या पोरांना शिकवत आलो. मला फोन शिकवणार!

"फोन खोटं बोलतो," मी म्हणालो. "माझ्या घरी माझा स्वतःचा संगणक आहे. मी स्वतः प्रोग्राम लिहीन. तो मोजेल. तो म्हणेल ते मला मंजूर."

"समद्यांनी ऐकलं का?" अप्पा म्हणाला. "पाच तारखेला कागद धाराशिवला नागप्पा पाथरवटाकडं जाणार. तवर निकाल लावा. एकदा टाकी लागली की मग खोडता येत न्हाय."

घरी येऊन हिला सांगितलं. धुरपदा तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोटावर मोजा की. दहाच तर अक्षरं हायती."

बोटावर मोजणं चौथीच्या पोरांचं काम. मी मोजलं नाही. आणि मोजायची गरजही नाही, कारण मला खात्री आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

धाराशिवला जाऊन आलो. आमच्या रणधीरनं पहिल्या पगारात घेतलेला संगणक घरातच कपाटाजवळ चादरीखाली होता. चालू झाला. पण त्यात कंपायलर नाही. कंपायलर म्हणजे दुभाषी. आपण सी भाषेत लिहायचं आणि त्यानं ते यंत्राच्या भाषेत उतरवून द्यायचं. निवृत्तीच्या आधी मी बसवराजच्या क्लासात तीन महिने सी शिकलो होतो. पास झालो होतो. काठावर, पण झालो होतो.

रणधीरला नागपूरला फोन केला तर तो हसायला लागला. "बाबा, कंपायलर आता फुकट मिळतात. खोक्यातला विकत घ्यायचा जमाना गेला." म्हटलं, मला खोकंच पाहिजे. खोक्यात पुस्तक असतं. पुस्तकाशिवाय मी आयुष्यात काही शिकलेलो नाही.

बसवराज माझा विद्यार्थी. क्लास बंद होऊन वर्षं झाली, पण माळ्यावर दोन खोकी जपून ठेवलेली. एक निळं, एक लाल. दोन्ही त्या काळात दुकानातून पावती करून आणलेली, चांगल्या नावाच्या कंपन्यांची.

निळ्यात अकरा फ्लॉप्या आणि चार जाडजूड पुस्तकं. उचलताना माझी कंबर बोलली. लाल खोक्यात तीन फ्लॉप्या आणि एक पातळ पुस्तक, वर पळत्या घोड्याचं चित्र.

"कुठलं चांगलं रे?" मी विचारलं.

"गुरुजी, निळं कडक आहे, लाल चपळ आहे. आमच्या पोरांना लाल आवडायचं, मला निळं." मग मान खाजवत म्हणाला, "पण देईन एकच. दुसरं पुण्याच्या एका गृहस्थांना कबूल केलंय, त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद आहे. त्यांना कुठलंही चालतंय. तुम्ही दोन्ही न्या, वापरून बघा आणि पाच तारखेपर्यंत नको असेल ते परत करा."

दोन्ही खोकी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "मिठाई हाय का?" मी म्हणालो, "व्याकरण आहे." ती खिडकीकडं सरकली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

संगणकात दोन्ही एकदम मावत नाहीत. एक काढायचा, मग दुसरा घालायचा. ही म्हणाली, "एका म्यानात कशाला कोंबताय, एकच घ्या अन् सुटा." निवड अशी होत नसते. परीक्षा घ्यावी लागते.

१७ डिसेंबर, मंगळवार

परीक्षा घेतली. मी शिक्षक आहे. दोन उमेदवार आले की माझ्याकडं एकच पद्धत. एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्यात जाणूनबुजून दहा चुका पेरल्या. दोघांना एकच प्रश्नपत्रिका.

लाल खोकं: डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. सहा चुका पकडल्या, चार सोडल्या. भाषा गोड. 'इथे बहुधा काहीतरी राहिले असावे' अशा थाटाची. गुण साठ. सुलेखनाचे पाच जास्त.

निळं खोकं: सातव्या फ्लॉपीनं अडून बसायचा प्रयत्न केला. धोतराच्या सोग्यानं पुसली, तिसऱ्यांदा घेतली. मग दहाच्या दहा चुका पकडल्या. पण तेवढ्यावर थांबेल तर! एक अर्धविराम राहिला होता, त्यावरून तेवीस तक्रारी. आमचे जुने हेडमास्तर असेच होते. हजेरीपटावर शाईचा एक डाग पडला की साऱ्या गुरुजींना ओळीनं उभं करायचे. गुण शंभर. वर्तणूक: असमाधानकारक.

निकाल राखून ठेवला.

२१ डिसेंबर, शनिवार

खरा प्रोग्राम लिहिला! संगणकाला देवनागरी कळत नाही. म्हणून मी ठरवलं की लघु अक्षराला एल दाबायचं, गुरूला जी. एल आलं की बेरजेत एक मिळवायचा, जी आलं की दोन. किती सुंदर कल्पना. अकरा ओळी झाल्या.

दुपारी अप्पा चहाला आला. पद्धत समजावून सांगितली. त्यानं फुंकर मारून एक घोट घेतला.

"म्हंजे लघु कोणतं अन् गुरू कोणतं, हे तुम्हीच सांगणार?"

"अर्थात."

"अन् मिशीन निस्ती बेरीज करणार?"

"निस्ती नाही. अचूक."

"दहा अक्षरांची." अप्पानं कप खाली ठेवला. "धुरपदावैनी, अजून जरा चहा टाका. मला लई दिवस जगायचंय."

तो गेल्यावर निळ्या खोक्यावर प्रोग्राम चालवला. आधी त्यानं एक सूचना दिली. चूक नव्हे, नुसती सूचना: 'बेरीज वापरण्याआधी तिला किंमत दिलेली दिसत नाही.' याला कुणी विचारलं? दुसरी ओळ दिली. दहा कळा दाबल्या.

पंधरा.

म्हटलं ना, वर्तणूक असमाधानकारक. इतका कटकट्या दुभाषी असल्यावर प्रोग्रामच बिचकला असणार. निळं काढून टाकलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

लाल घातलं. तोच प्रोग्राम, तीच ओळ. एकही सूचना नाही, एकही तक्रार नाही.

सोळा!

दोनदा चालवला. सोळा, सोळा. तिसऱ्यांदा चालवला नाही, यंत्रालाही विश्रांती हवी. हिला हाक मारली. ती हात पुसत आली, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि "बरं झालं," एवढंच म्हणून परत हरभऱ्याची भाजी खुडायला गेली. तिथं बसून गाणं गुणगुणत होती. पस्तीस वर्षांची तिची खोड अजून जात नाही. 'मुले'तला 'ले' उगाच ताणते, 'मुलेऽऽ सारी' असं. मी आतून ओरडलो, "अगं, ताणू नको!" तिनं आणखीच ताणला.

निवड झाली. लाल खोकं ठेवायचं. कारणं: वेग, गोड भाषा, पातळ पुस्तक. आणखी कारण नाही.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. गाव सारा शेतात. अप्पाच्या शेतावर आम्ही दोघं जेवायला. भज्जी, उंडे, आंबील. मी तीनदा आंबील घेतली. ज्वारीच्या ताटांतून वारा जाताना जो आवाज येतो, त्याला मी लहानपणी कविता समजायचो. अजून समजतो.

जेवण झाल्यावर पंधरा-वीस माणसांत उभा राहून जाहीर केलं, "सोळा!" टाळ्या झाल्या. अप्पाची सून शिवलीला शाळेत शिक्षिका आहे, तिनंही वाजवल्या. अप्पानं नाही. तो दात कोरत म्हणाला, "उद्या येतो बघायला. मिशीनला न्हाऊ-माखू घालून ठेवा."

३१ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू.

अप्पा सकाळीच आला. मी त्याला मानाची खुर्ची दिली. ओळ दिली, सोळा आले. "बघितलं?" मी म्हणालो.

"बघितलं. आता पयली ओळ घाला."

"तिच्याबद्दल वाद कुठं आहे? तिच्यात सोळाच आहेत."

"म्हणून तर घाला म्हणतो."

घातली. सतरा.

मी म्हणालो, कळ दोनदा दाबली गेली असेल. परत घातली. सतरा. अप्पा पुढं सरकला. त्याच्या डोळ्यांत दुकानातली जुनी चमक आली. "गुरुजी, आता काहीच घालू नका. निस्तं चालू करा."

"काहीच न घालता?"

"दुकान उघडलं की म्या पयलं काय करायचो? माल नंतर. आधी रिकामा तराजू उचलून धरायचो. दोन्ही पारडी मोकळी असताना काटा मधी राहतो का न्हाय, ते बघायचो. झुकला तर पासंग हाय. मग त्या तराजूत सोनं घाला न्हायतर शेंगदाणे, माप खोटंच. तुमचा तराजू रिकामा धरा."

रिकामा धरला. एकही अक्षर न देता कळ दाबली.

पडद्यावर आलं: एक.

माझ्या यंत्रानं काहीच नसताना एक मात्रा मोजली. मला वाटलं अप्पा आता हसेल, मांडीवर थाप मारेल, गावभर सांगेल. तो उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "ह्ये म्या कुणाला सांगणार न्हाय. समद्यांना तुम्ही सोळा सांगितलेत, मी सोळाच ऐकलेत. पाच तारखेला कागद तुम्हीच लिहून द्या. जे लिहाल ते कोरू." दारात वळला. "मातर हितून पुढं रोजचा चहा तुमच्याकडं."

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष. काही लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

अप्पा बोलणार नाही. फोनवर कुणाचा विश्वास नाही. दगड जसा आहे तसा कोरला तर कुणाला कळणार? माझ्यानंतर शंभर वर्षांनी एखादा माझ्यासारखाच दीडशहाणा मास्तर त्या दगडापुढं उभा राहून बोटं मोडेल, तेवढंच. पण तो उभा राहील. हे मला नक्की माहीत आहे, कारण मी राहिलो असतो.

बोटावर मोजलं. पन्नास वर्षांत प्रथमच माझी स्वतःची ओळ. फु, ले, उ, ध, ळ, ती. आठ झाल्या. पुढं मु, ले, सा, री. सात.

२ जानेवारी, गुरुवार

हिला विचारलं, "तू 'ले' का ताणतेस?"

"तिथं गचका बसतो म्हणून. बैलगाडीचं चाक खड्ड्यात जातं तसा. ताणलं की गाडी निघती."

"मग मला पस्तीस वर्षांत सांगायचं नाही?"

"सांगितलं की! पयल्याच साली. पोरींचा सराव माझ्याकडं दिला व्हता तुम्ही. म्हणलं, अहो, 'मुले' नको, 'पोरे' म्हणा, चपखल बसतंय. तर तुम्ही काय म्हणलात, आठवतंय का?"

आठवत नव्हतं.

"'पोरे' हा शब्द साहेबापुढं शोभत नाही, अन् तुला वृत्तातलं काय कळतंय. मग म्या पोरींना ताणायलाच शिकवलं. तुमची अब्रू झाकायला."

म्हणजे पस्तीस वर्षं साऱ्या गावाच्या पोरींनी मिळून माझी एक मात्रा भरून काढली, आणि मी प्रत्येक स्वागताला पुढच्या रांगेत बसून कपाळाला आठ्या घालत होतो.

'पोरे सारी'. पो, रे, सा, री. आठ. आठ आणि आठ.

राग आला. कुणाचा ते ठरत नाही.

४ जानेवारी, शनिवार

लाल काढलं आणि निळं परत घातलं. सातवी फ्लॉपी या वेळी पहिल्या झटक्यात गेली. प्रोग्राम तोच दिला. त्यानं तीच सूचना दिली, शब्दही न बदलता: 'बेरीज वापरण्याआधी तिला किंमत दिलेली दिसत नाही.' या वेळी चष्मा पुसून वाचली. मग पहिलं पुस्तक काढलं, मग दुसरं. दुसऱ्यात दोनशे चौदाव्या पानावर सापडलं. मोजायला लागण्याआधी बेरजेत शून्य ठेवायचं असतं. न ठेवलं तर यंत्राच्या पोटात आधीचं जे काही उरलंसुरलं पडलेलं असेल, त्यातूनच मोजणी सुरू होते. लाल खोक्याच्या वेळी तिथं एक पडला होता, निळ्याच्या वेळी शून्य. चूक दोघांचीही नाही. चूक अकराच्या अकरा ओळी लिहिणाऱ्याची. निळ्यानं ती पहिल्याच दिवशी दाखवली आणि मी त्याची वर्तणूक काढली.

शून्य ठेवलं. रिकामा तराजू धरला: शून्य. पहिली ओळ: सोळा. दुसरी: पंधरा. 'पोरे' घालून दुसरी: सोळा. निळ्यानं एकही तक्रार केली नाही. हेडमास्तर आयुष्यात एकदाच माझ्याकडं बघून हसले होते, तसं वाटलं.

मग लाल घोड्याचं खोकं बांधायला घेतलं. फ्लॉप्या एकावर एक लावल्या, पुस्तक वर ठेवलं. त्याचा काही दोष नाही. मला पाहिजे ते त्यानं सांगितलं, आणि मी त्याला त्याचसाठी निवडलं होतं.

५ जानेवारी, रविवार

कागद लिहिला. चार वेळा फाडला. पाचव्यांदा सुवाच्य अक्षरात 'पोरे' लिहिलं आणि खाली नावं लिहिली. अप्पानं तो दुकानाच्या जुन्या ओट्यावर उभ्यानं वाचला. खालच्या ओळीशी थांबला. वर बघितलं.

"हे पण कोरायचं?"

"कोरायचं."

"वैनीला विचारलंय?"

"तिला वृत्तातलं कळतं. दगडातलं काय कळायचंय?"

अप्पानं कागद घडी करून आतल्या खिशात घातला. "गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही सुधारायचे न्हाय." पण नागप्पाकडं जायला तोच स्वतः एसटीत बसला. लाल खोकंही त्याच्याच हाती बसवराजला परत पाठवलं.

२६ जानेवारी, रविवार

उद्घाटन झालं. पाहुणे अर्धा तास उशिरा आले, त्यामुळं पोरींच्या हातातली फुलं कोमेजली. गाणं झालं. शिवलीलानं पोरींकडून 'पोरे' बसवून घेतलं होतं. मागं उभे असलेले बाप्ये आणि बाया जुनंच म्हणत होते, त्यामुळं मध्येच गाडीच्या दोन धुरा एकमेकींत अडकल्यासारखं झालं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मी आठ्या घातल्या नाहीत.

मग दगडावरचा पडदा ओढला. गाणं, आणि खाली:

गीत: ज्ञानोबा गुरुजी
दुरुस्ती: धुरपदाबाई

टाळ्या वाजल्या. मी हिच्याकडं बघितलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. हिनं पदर खोचला.

"दगडावर नाव घालायला मी काय मेले का?"

सारं सभागृह ऐकतंय. पाहुणेही.

"जित्या बाईचं नाव दगडावर! अन् तेबी कशाखाली? दुरुस्ती! मी काय सायकलीचं दुकान घातलंय? उद्याच्या उद्या पुसून काढा म्हणावं."

नागप्पा तिथंच होता. त्यानं हात जोडले आणि सांगितलं, "आई, दगडातलं पुसता येत न्हाय." अप्पा खांबाआड तोंड लपवून हलत होता. मी हिला घरी आणेपर्यंत चार जणींनी तिला थांबवून विचारलं, कोणती दुरुस्ती. चौघींना तिनं उभं करून सगळं सांगितलं, पहिल्या सालापासून. माझं म्हणणं आहे, इतका राग आला होता तर एवढं तपशिलात कशाला सांगायचं?

रात्री ताट माझ्यापुढं आपटलं. भाकरी मात्र नेहमीपेक्षा पातळ होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

ही अजून रागावलेली आहे, असं मी धरून चालतो. दगडाचा विषय काढला की उठून जाते.

एक गोष्ट मात्र कळत नाही. आठवडाभर ही रोज सकाळी कोथिंबीर आणायला जाते आणि तासाभरानं येते. आज अप्पा चहा पिता पिता म्हणाला, वैनी शाळेच्या बाजूनं येताना दिसल्या. भाजीवाली तर नदीच्या अंगाला बसते, अगदी उलट्या बाजूला. शाळेच्या वाटेवर कोथिंबीर मिळत नाही. मी तिला म्हणालो, "अगं, जवळच्या वाटेनं जावं, गुडघे दुखतात तुझे."

"तुम्ही तुमचं मिशीन बघा," ती म्हणाली आणि चपला घालून पुन्हा बाहेर पडली. कोथिंबीर सकाळीच आणलेली होती.